धात्रीपासून दुग्धपेढीपर्यंत

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत बालकास दूध पाजण्यासाठीं धात्री कशी निवडावी याचें जें विवेचन आलें आहे, तें प्रथमच वाचणारास एखाद्या वधूपरीक्षेसारखें वाटतें. ती समान वर्णाची असावी. तरुण, निरोगी, शांत व निर्व्यसनी असावी. आपल्याच देशांत वाढलेली, कुलीन आणि वत्सल असावी. तिला दूध भरपूर असावें. आणि तिचें स्वतःचें मूल जिवंत असावें. ही शेवटची अट वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. धात्रीची परीक्षा झाल्यावर मग तिच्या दुधाची परीक्षा. पाण्याच्या भांड्यांत पिळलेलें दूध पाण्याशीं एकजीव झालें, तर तें शुद्ध समजावें. रोमन साम्राज्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेला एफेससचा वैद्य सोरेनस यानेंहि आपल्या स्त्रीरोगविषयक ग्रंथांत हाच क्रम धरला आहे. त्याची दाई वीस ते चाळीस वर्षांच्या दरम्यानची, दोन-तीन वेळां बाळंत झालेली, रागीट नसणारी. आणि तिच्या दुधाचा थेंब नखावर किंवा झाडाच्या पानावर टाकला असतां तो हळूहळू पसरावा, पाण्यासारखा वाहून जाऊं नये, मधासारखा एका जागीं चिकटूनहि राहूं नये. या दोन वैद्यांमध्यें देशाचें, भाषेचें व शास्त्राचें केवढें तरी अंतर आहे. पण दूध ओळखावयाचें तर आधीं तें देणारी स्त्री ओळखली पाहिजे, याविषयीं दोघांचें पूर्ण एकमत आहे.

हें सर्व आज उकरून काढण्याचें कारण असें कीं, आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांच्या नवजात-कक्षांत दिवस पुरे होण्यापूर्वींच जन्मलेल्या बालकाच्या आईपुढें हल्लीं एक कागद ठेवण्यांत येतो. तिचें स्वतःचें दूध अद्याप उतरलेलें नसतें, किंवा ती स्वतःच दुसऱ्या मजल्यावर बेशुद्ध पडलेली असते आणि कागद नवऱ्याच्या अगर सासूच्या हातीं जातो. त्यावर लिहिलेलें असतें कीं, मातृदुग्धपेढींतील दूध बाळास देण्यास आमची संमति आहे. या वेळीं आईच्या, आजीच्या किंवा बापाच्या तोंडून जो पहिला शब्द बाहेर पडतो तो 'कशाचें?' हा नसून 'कोणाचें?' हा असतो. आणि पेढीची सारी रचनाच अशी आहे कीं, या एका प्रश्नाचें उत्तर तिला देतां येत नाहीं. अनेक स्त्रियांचें दूध एका पात्रांत मिसळलेलें असतें, आणि बाटलीवर नांव नसून अंक असतो.

या प्रश्नास अडाणीपणा म्हणून बाजूला सारण्याची आपल्या सुशिक्षितांस, आणि त्यांतल्या त्यांत वैद्यकीय सुशिक्षितांस, मोठी हौस आहे. आमच्या मतें हा प्रश्न मनुष्यजातीच्या अत्यंत जुन्या व अत्यंत कडू अनुभवांतून निघालेला आहे, आणि तो अनुभव काय होता हें पाहिल्यावांचून मातृदुग्धपेढीचा इतिहास नीट कळणार नाहीं, आणि आजच्या आईचें मनहि कळणार नाहीं.

आपल्या पुराणांनीं या अनुभवाचीं दोन्ही टोकें जपून ठेविलीं आहेत. परक्या बाईचें दूध म्हटलें म्हणजे एका टोकाला यशोदा आणि दुसऱ्या टोकाला पूतना. गोकुळांतील कोणासहि न ओळखणारी एक सुरूप स्त्री घरांत शिरते, बाळाला मांडीवर घेते आणि पाजूं लागते. तिच्या स्तनाला विष माखलेलें आहे हें कोणास ठाऊक नसतें. ही पूतना पुढें वैद्यकांतहि शिरली, आणि मुलांना पीडा करणाऱ्या बालग्रहांच्या यादींत सुश्रुतानें तिला जागा दिली. तरी भागवतकारांचें औदार्य असें कीं, विष घेऊन का होईना पण स्तन दिला म्हणून तिला त्यांनीं मातेची गति देऊन टाकली. तिसरी कथा कार्तिकेयाची. सहा कृत्तिकांनीं त्याला पाजलें, आणि कोणीहि एक रुसूं नये म्हणून त्याला सहा मुखें फुटलीं. अमरकोशांत त्याचें एक नांव 'षाण्मातुर' असें आहे. सहा जणींचें दूध एका पोटांत गेलें, पण हिशेब चुकला नाहीं. सहाही आयांची नोंद त्याच्या नांवांतच राहिली. आजच्या पेढीशीं या कथेचें साम्य आहे तितकाच विरोधहि आहे.

इतिहासाकडे वळलें तर महाराष्ट्रांत धाराऊचें नांव अजून विसरलेलें नाहीं. इ. स. १६५७ च्या मे महिन्यांत पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृति ढासळलेली, दूध पुरेना. तेव्हां गडापासून जवळच असलेल्या कापूरहोळ गांवच्या गाडे घराण्यांतील धाराऊ हिला बोलावण्यांत आलें. पुढें दोन वर्षांनीं सईबाई वारल्या. धाराऊचे मुलगे हे महाराजांचे दूधभाऊ ठरले आणि त्यांच्या पदरीं चाकरींत राहिले असें सांगतात. 'दूधआई', 'दूधभाऊ' हे शब्द मराठींत निव्वळ अलंकार म्हणून आलेले नाहींत. दुधानें एक नातें उत्पन्न होतें, त्याला मान असतो, त्याचे हक्क असतात, आणि दोन पिढ्यांपर्यंत त्याची आठवण ठेवावी लागते, असा त्यांचा अर्थ होता.

पण या मानाच्या मागें एक हिशेब दडलेला असे, आणि तो मेवाडच्या पन्ना दाईच्या कथेंत उघडा पडला आहे. इ. स. १५३६ च्या सुमारास बनवीर तरवार घेऊन राजवाड्यांत शिरला, तेव्हां लहानग्या उदयसिंहास टोपलींतून बाहेर धाडून पन्नानें त्याच्या पाळण्यांत आपला मुलगा चंदन यास निजविलें. या कथेचे पोवाडे आपण स्वामिनिष्ठेसाठीं गातों. परंतु धंद्यानें दाई असणाऱ्या जगांतील हजारों अनामिक स्त्रियांनीं पन्नाचीच गोष्ट तरवारीवांचून आणि कीर्तीवांचून केलेली आहे. ज्या बाईनें दुसऱ्याचें मूल पाजण्यासाठीं घर सोडलें, तिचें स्वतःचें मूल मागें राहिलें. त्याला गाईचें दूध, पेज, पिठाचें पाणी, जें मिळेल तें पाजण्यांत आलें, आणि पुष्कळदां तें गेलें. चरकानें धात्रीचें मूल जिवंत असावें असें म्हटलें तें दुधाच्या प्रतीसाठीं; तें मूल पुढेंहि जिवंत राहावें याची तजवीज कोणत्याच जुन्या शास्त्रानें केली नव्हती. ती प्रथम कायद्यानें केली फ्रान्सनें. तेथें शहरांतील मुलांना पैसे देऊन दाईकडे सोंपविण्याची चाल मध्यम वर्गापर्यंत, किंबहुना कारागिरांपर्यंत पसरली होती. २३ डिसेंबर १८७४ रोजीं झालेल्या, रूसेल याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या कायद्यानें असें ठरविलें कीं, दुसऱ्याच्या घरीं जाऊन पाजण्याची नोकरी धरणाऱ्या स्त्रीनें आपलें मूल सात महिन्यांचें झालें आहे, अथवा तें दुसरी कोणी स्त्री पाजीत आहे, असा नगराध्यक्षाचा दाखला आणावा. हा कायदा कितपत पाळला गेला तें वेगळें; परंतु दुधाच्या व्यवहारांत दोन नव्हे तर चार जीव गुंतलेले असतात, ही गोष्ट सरकारी कागदावर यावयास एकोणिसाव्या शतकाचीं शेवटचीं पंचवीस वर्षें उजाडावीं लागलीं.

रोगाचें भय तर याहून जुनें होतें, आणि तेंहि खोटें नव्हतें. उपदंशानें ग्रासलेलें मूल पाजल्यामुळें निरोगी दाईस रोग जडल्याचीं आणि दाईकडून मुलाकडे तो गेल्याचीं उदाहरणें युरोपांतील वैद्यांनीं शतकानुशतकें नोंदविलीं आहेत. अशा रीतीनें दाईवरचा विश्वास उडत चालला असतांनाच कारखान्यानें आपला हात पुढें केला. लीबिख या रसायनशास्त्रज्ञाचें बालान्न बाजारांत आलें, आणि १८६७ सालीं स्वित्झर्लंडांतील व्हेवे या गांवीं हेन्री नेस्ले यानें दूध व पीठ यांची आपली भुकटी विकावयास काढली. डब्याला स्वभाव नसतो, जात नसते, आणि त्याचें मूलहि घरीं रडत नसतें! आईच्या 'कोणाचें?' या प्रश्नास कारखान्यानें 'कोणाचेंच नाहीं' असें उत्तर दिलें, आणि तें उत्तर तिला पटलें. सशक्त मूल त्यावर कसेंबसें निभावून जाई. अशक्त मूल, विशेषतः आठव्या महिन्याच्या आधीं जन्मलेलें, उन्हाळ्यांतील अतिसारानें जाई.

हीं जाणारीं मुलें ज्यांच्या डोळ्यांसमोर जात होतीं, त्या बालरोगवैद्यांनीं पेढीची कल्पना काढली. व्हिएन्ना येथील थिओडोर एशेरिख यांनीं १९०९ सालीं मातांचें दूध जमविण्याचें केंद्र काढलें, तें जगांतील पहिलें मानण्यांत येतें. या गृहस्थांनीं १८८५ सालीं बालकांच्या मळाचें परीक्षण करतां करतां एक जंतु शोधून काढला होता. पुढें त्यांच्या मरणानंतर त्या जंतूस त्यांचेंच नांव देण्यांत आलें, आणि ई. कोलाय या संक्षेपानें तें आज प्रत्येक प्रयोगशाळेंत रोज उच्चारलें जातें. आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाच्या आंतड्यांत काय चालतें याचा अभ्यास ज्यानें हयातभर केला, त्यानेंच दुधाचा सांठा करण्याचें मनांत आणावें हें योग्यच झालें. दुसऱ्याच वर्षीं, १९१० सालीं, अमेरिकेंत बोस्टन येथें डॉ. फ्रिट्झ टाल्बट यांनीं दायांची एक नोंदणी-कचेरी काढली. एका आजारी मुलासाठीं दाई शोधीत शहरभर तीन दिवस पायपीट करावी लागल्यामुळें त्यांना ही बुद्धि झाली असें सांगतात. आरंभीं ही कचेरी दाईच पुरवीत असे. पुढें पुढें दाईच्या जागीं तिच्या दुधाची बाटली जाऊं लागली. हा फरक दिसावयास लहान आहे. परंतु त्यामुळें इतिहासांत प्रथमच दूध देणारी स्त्री आपल्या मुलाजवळ राहूं शकली, आणि दूध मात्र जेथें पाहिजे तेथें गेलें. पन्नाचा हिशेब फिटण्याची शक्यता येथें उत्पन्न झाली. त्याचबरोबर घेणाऱ्या घराला दाईचें तोंड दिसेनासें झालें. हे दोन्ही परिणाम एकाच कृतीचे आहेत, आणि एक पाहिजे व दुसरा नको असें म्हणतां येत नाहीं.

जर्मनींत मागदेबुर्ग येथें १९१९ सालीं मारी-एलीझ कायझर या डॉक्टरीणबाईंनीं दुग्धसंग्रहकेंद्र काढलें, आणि त्यांचें पाहून इतर जर्मन शहरांत केंद्रें निघालीं. १९३४ च्या मे महिन्यांत कॅनडांत डियॉन नांवाच्या कुटुंबांत एकाच वेळीं पांच मुली जन्मल्या व पांचही जगल्या. त्यांच्यासाठीं टोरोंटो, माँट्रियल आणि शिकागो येथून मातांचें दूध आगगाडीनें जात असे, आणि त्याच्या बातम्या साऱ्या जगांतील वर्तमानपत्रें छापीत. परक्या स्त्रियांचें दूध पाजून मुलें जगतात ही गोष्ट सामान्य आईच्या कानावर प्रथम गेली ती वैद्यकीय नियतकालिकांतून नव्हे, तर या पांच बहिणींच्या कौतुकांतून. लंडनच्या क्वीन शार्लट प्रसूतिगृहांत १९३९ सालीं असेंच केंद्र निघालें.

येथें शब्दाविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या साऱ्या संस्था स्वतःस 'संग्रहकेंद्र', 'कचेरी' अशीं साधीं नांवें घेत. 'बँक' हा शब्द आला तो रक्ताकडून. १९३७ सालीं शिकागोच्या कुक कौंटी रुग्णालयांतील डॉ. बर्नार्ड फँटस यांनीं रक्ताच्या सांठ्यास तें नांव दिलें, आणि तेंच पुढें दुधास चिकटलें. मराठींत आपण त्याची 'पेढी' केली. शब्द सोईचा आहे खरा, पण तो सावकारीचा आहे. पेढीवर ज्यानें ठेवावें त्यानें मागावें, व्याज घ्यावें, अशी आपली समजूत. दूध देणाऱ्या आईला येथें परत कांहींच मागावयाचें नसतें, आणि घेणाऱ्या आईच्या नांवावर कर्जहि चढत नाहीं. हा शब्द ऐकून कित्येक स्त्रियांना प्रथम असें वाटतें कीं येथें दूध विकत घेतात, आणि कांहींना वाटतें कीं येथें तें विकतात.

विक्रीचा प्रश्न जेथें सर्वांत तीव्र होता, तेथेंच त्याचें सर्वांत चांगलें उत्तर निघालें, तें ब्राझील देशांत. १८८८ सालीं गुलामगिरी बंद होईपर्यंत तेथें धन्याचीं मुलें पाजण्याचें काम काळ्या गुलाम स्त्रिया करीत, आणि त्यांना भाड्यानें देण्याच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येत. १९४३ सालीं रिओ-दि-जानेरो येथें पहिली पेढी निघाली तेव्हां दूध देणाऱ्या गरीब स्त्रीस पैसे अगर शिधा मिळे; म्हणजे रूप बदललें तरी गरिबीनें दूध विकावयाचें आणि श्रीमंतीनें घ्यावयाचें हा प्रकार कायमच राहिला. १९८५ पासून झुआंव अप्रीझियो गेर्रा द आल्मेडा या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानें तेथें सारी व्यवस्था बदलण्यांत आली. मोबदला बंद झाला; दूध हें आधीं देणाऱ्या आईच्या स्वतःच्या मुलाचें, उरलें तर दुसऱ्याचें, असा नियम झाला; परदेशी महागडीं पात्रें टाकून देऊन कॉफीच्या रिकाम्या कांचेच्या बरण्या उकळून वापरण्यांत येऊं लागल्या. राजधानींत तर बंबवाले शिपाई दारोदार जाऊन या बरण्या गोळा करून आणतात. आज तेथें दोनशेंहून अधिक पेढ्या आहेत, आणि जगांतील कोणत्याहि देशांत इतकें मोठें जाळें नाहीं. ब्राझीलची आई दूध कां देते व कां घेते, याचें कारण आमच्या समजुतीप्रमाणें व्याख्यानांत नसून त्या बंबवाल्यांत आहे. संकटाच्या वेळीं जो माणूस घर वाचवावयास येतो, तोच दूध न्यावयास येतो. मग शंका कोणी कशाला घ्यावी?

पण १९८५ हेंच साल इतर ठिकाणीं पेढ्यांच्या मुळावर आलें. एच.आय.व्ही. या विषाणूचा प्रवेश मातेच्या दुधांतूनहि होऊं शकतो असें त्या वर्षीं प्रसिद्ध झालें, आणि इंग्लंड-अमेरिकेंतील कित्येक पेढ्यांना एकामागून एक कुलपें लागलीं. ज्यांना 'कोणाचें?' या प्रश्नाचें हसूं येतें त्यांनीं हें साल विसरूं नये. त्या वेळीं हा प्रश्न खेड्यांतील सासूनें नव्हे, तर मोठमोठ्या रुग्णालयांच्या चालकांनीं विचारला, आणि उत्तर न सुचल्यामुळें दारें लावून घेतलीं. पुढें रक्ताच्या चांचण्या आल्या, ६२.५ अंश सेल्सिअस उष्णतेवर ३० मिनिटें ठेवल्यास दुधांतील हा विषाणु मरतो हें सिद्ध झालें. आणि १९९० सालीं ल्यूकस व कोल या इंग्रज संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, केवळ कृत्रिम दुधावर ठेवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांत आंतडें सुजून कुजण्याचा जो भयंकर रोग होतो, तो केवळ मातेच्या दुधावर असलेल्यांपेक्षां सहा ते दहापट अधिक आढळतो. तेव्हां दारें पुनः उघडूं लागलीं.

याच मधल्या काळांत, म्हणजे पश्चिमेकडे पेढ्या बंद पडत असतांना, मुंबईंत एक पेढी निघाली. शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालय हें धारावीच्या शेजारचें. तेथें बाळंतपणें अतोनात, आणि कमी वजनाचीं मुलेंहि तशींच. नवजात-विभागाच्या प्रमुख डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं तेथें डब्याचें दूध बंद करून आयांनाच कक्षांत आणून बसविलें, आणि १९८९ सालीं मातृदुग्धपेढी काढली. आशियांतील पहिली म्हणून तिची गणना होते. ही पेढी कशी चालते हें थोडक्यांत सांगतों. आपलें मूल पाजून ज्या आईला दूध उरतें, किंवा जिचें मूल अद्याप ओढूं शकत नाहीं, तिला परिचारिका प्रथम समजावून सांगते. तिची प्रकृति, तिचीं औषधें, तंबाखूची संवय, यांची विचारपूस होते, एच.आय.व्ही., कावीळ व उपदंश यांसाठीं रक्त तपासतात. मग हातानें अगर पंपानें काढलेलें दूध एकत्र करून वर सांगितलेल्या उष्णतेवर ठेवतात, झटकन थंड करतात, त्यांतील थोडें जंतुपरीक्षेस पाठवितात, आणि परीक्षा उतरेपर्यंत बाकीचें उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. या तापविण्यांत कांहीं गुण जातात. दुधांतील जिवंत पेशी मरतात, मेद पचविणारें पाचकद्रव्य नष्ट होतें. रोगप्रतिकारक द्रव्यें मात्र बरींचशीं टिकतात. पेढीच्या दुधावर मुलाचें वजन कृत्रिम दुधापेक्षां सावकाश वाढतें, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. म्हणून स्वतःच्या आईचें दूध पहिलें, पेढीचें दुसरें आणि डबा शेवटला, असा क्रम जाणते वैद्य लावतात.

सुश्रुत व चरक यांची समानवर्णाची अट या पात्रांत विरघळून गेली, आणि ती कोणी समारंभानें विसर्जित केली नाहीं. धारावीच्या आसपासच्या वस्तींत ज्या जातींचीं, धर्मांचीं व भाषांचीं माणसें राहतात, त्या सर्वांच्या बायका एकाच कक्षांत खाटेला खाट लावून असतात. दूध एकाच भांड्यांत जातें. अस्पृश्यतेवर आपल्याकडे जितके ठराव झाले असतील, त्यांपैकीं फारच थोड्यांनीं इतकें काम केलें असेल.

आतां आयांच्या मनाकडे वळूं. मुंबईसारख्या शहरांत, तुर्कस्तानांत, नायजेरियांत, जेथें जेथें मातांना या विषयीं विचारून पाहण्यांत आलें आहे, तेथें बहुतेक ठिकाणीं एक चमत्कारिक गोष्ट आढळते. दूध देण्यास जितक्या जणी तयार असतात, तितक्या घेण्यास नसतात. दान देणें सोपें आणि घेणें अवघड, हा मनुष्यस्वभावच आहे. पण येथें त्याहून अधिक कांहीं आहे. घेणाऱ्या आईला वाटतें कीं आपण आईपणाच्या पहिल्याच परीक्षेंत नापास झालों. सासूच्या एका वाक्यानें तें वाटणें कायमचें होऊन बसतें. देणारीच्या मनांतील अडचणी निराळ्या: आपल्या मुलाला कमी पडेल, कोणाची दृष्ट लागेल, घरीं विचारल्यावांचून कसें द्यावें. यांतील पहिली शंका तर शास्त्रानें सहज फिटण्यासारखी आहे, कारण दूध हें हौदाप्रमाणें सांठून राहत नाहीं. जितकें काढावें तितकें तें अधिक उतरतें. ही साधी गोष्ट पुष्कळ सुशिक्षित आयांनाहि पेढींत आल्यावर प्रथमच कळते. बाळंतपणापूर्वींच्या तपासणीला जी बाई पांच-सहा वेळां रुग्णालयांत येऊन गेली, तिच्या कानावर पेढी हा शब्द बाळ कांचेच्या पेटींत गेल्यावरच पडावा, यांत चूक तिची खचित नाहीं.

मुसलमान आईची अडचण यांहून वेगळ्या जातीची आहे, आणि तिच्याविषयीं आपल्याकडे फार उथळपणें लिहिण्यांत येतें. इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणें दोन वर्षांच्या आंतील मुलानें ज्या स्त्रीचें दूध प्यालें, ती त्याची आई होते, आणि तिचीं मुलें त्याचीं भावंडें होतात. त्यांचा आपसांत विवाह होऊं शकत नाहीं. किती वेळां प्यालें म्हणजे हें नातें जुळतें याविषयीं पंथांत मतभेद आहेत. शाफई व हंबली पांच वेळां म्हणतात, हनफी व मालिकी एकदांच पुरे म्हणतात. तेव्हां मिसळलेल्या निनांवी दुधास त्यांची हरकत, दूध परकें आहे म्हणून नाहीं. तें फारच जवळचें आहे म्हणून आहे. १९८३ सालीं युसूफ अल्-करदावी या विद्वानांनीं, प्रत्यक्ष स्तनपानावांचून नातें होत नाहीं असें सांगून पेढीस अनुकूल मत दिलें. १९८५ सालीं जेद्दा येथील इस्लामी न्यायशास्त्रपरिषदेनें तिच्या विरुद्ध ठराव केला. तेव्हांपासून हा वाद चालू आहे. बांगलादेशांत ढाक्याची पेढी २०१९ सालीं याच कारणानें थबकली. कराचींत धर्मपीठानें आधीं अटी घालून दिलेली अनुकूलता नंतर मागें घेतली, आणि जून २०२४ मध्यें पेढीचें काम थांबविण्यांत आलें. उलट इराणांत तब्रीझ येथें २०१६ सालीं पेढी निघाली, कारण शिया न्यायशास्त्र स्तनाशीं लागून प्यालेल्या दुधानेंच नातें मानतें. मलेशियांत व कुवेतांत तिसरा मार्ग काढला आहे: दूध मिसळावयाचें नाहीं, देणारी व घेणारी यांची एकमेकींस ओळख करून द्यावयाची, आणि नोंद ठेवावयाची. आपला दूधभाऊ याहून वेगळा काय होता? धाराऊच्या मुलांस जें नातें मिळालें, तेंच येथें वहींत लिहून ठेविलें जातें. आमच्या रुग्णालयांतून, जी आई नांवासाठींच अडून बसली आहे तिला अशी एकाच दात्रीच्या दुधाची सोय करून देणें कांहीं फार अवघड नाहीं. तें न करतां तिच्या नकारास धर्मवेड म्हणून शेरा मारणें, हा आळस आहे.

नांव नाहींसें झाल्याचा दुसराहि एक परिणाम आहे, आणि तो अधिक भयंकर आहे. निनांवी वस्तु विकतां येते. अमेरिकेंत २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत, परस्पर विकत घेतलेल्या मातृदुधाच्या सुमारें शंभर नमुन्यांपैकीं दहांत गाईचें दूध चांगल्याच प्रमाणांत मिसळलेलें आढळलें. चरकाच्या पाण्याच्या भांड्यांत ही लबाडी पकडली गेली असती कीं नाहीं, देव जाणे! आपल्या देशांत २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनीं दूध हें दानच असावें असें ठरविलें. तरी दुधाची भुकटी करून तें विकणारे निघालेच, आणि मे २०२४ मध्यें अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणास मातेच्या दुधाच्या विक्रीस परवानगी नाहीं असें पुनः जाहीर करावें लागलें. विकणारीचें मूल कोठें आहे आणि काय पितें, हा १८७४ चा फ्रेंच प्रश्न येथें पुनः उभा राहतो.

राजस्थानांत उदयपूर येथें २०१३ सालीं 'दिव्य' नांवाची मातृदुग्धपेढी निघाली. ती ज्या सरकारी स्त्रीरुग्णालयांत आहे त्यास पन्ना दाईचेंच नांव आहे. तेथें दूध देणाऱ्या स्त्रीचें नांव, तिच्या रक्ताचा अहवाल आणि तारीख हीं पेढीच्या नोंदवहींत असतात. बाळाच्या खाटेशीं येणाऱ्या बाटलीवर मात्र अंकच असतो. तो अंक घेऊन कोणा आईनें 'हें कोणाचें?' असें विचारलें, तर वही उघडून निदान इतकें तरी तिला सांगतां येण्यासारखें आहे कीं, या बाईला अमुक रोग नाहीं, तिनें हें पैशासाठीं दिलें नाहीं, आणि तिचें मूल तिच्याजवळ आहे.